जबाबाची मुदत

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी कोर्टकचेरीची गोष्ट वाढणे बरे नव्हे, हे मला कळते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या आजीपासून सारे सांगत आले. आणि चढलाच, तर निदान सणासुदीला त्याने ती कथा काढू नये, हेही त्यात अध्याहृत असावे. पण गोष्ट एका साध्या प्रश्नाची आहे, आणि तो प्रश्न मला ज्यांनी विचारला ते आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारीत आलेले गृहस्थ होते. तेव्हा वाचकांनी चकलीचा एखादा तुकडा मोडीत मोडीत ही हकीकत ऐकावी, एवढीच विनंती.

काही वर्षांपूर्वी आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका निवृत्त गुरुजींना सोबत म्हणून मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेलो होतो. गुरुजींच्या नोकरीची काही वर्षे एका कार्यालयाने निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली नव्हती. त्यांनी रिट अर्ज केला होता. आमच्या मराठवाड्यात कोर्टाच्या तारखेला ‘पेशी’ म्हणतात. निजामाच्या अमदानीतला हा शब्द अजून आमच्या जिभेवरून उतरलेला नाही. त्या दिवशीची पेशी दोन मिनिटांत आटोपली. समोरच्या वकिलांनी उत्तराचे शपथपत्र दाखल करण्यासाठी चार आठवडे मागितले, ते मिळाले, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो. मधल्या पायरीवर गुरुजी थांबले.

“अहो मास्तर,” ते म्हणाले, “आपण पोरांकडून तीन तासांत उत्तरपत्रिका घेत होतो. घंटा झाली की हातातली काढून घेत होतो. यांच्या पेपराला घंटा नसते का हो?”

मला उत्तर आले नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण कायद्याची पुस्तके माझ्या कपाटात नाहीत. पुढच्या दोन सुट्ट्या मी ह्या एका प्रश्नामागे घालविल्या. जे हाती लागले ते असे.

उत्तराला मुदत हवी, हे आपल्याकडे फार जुन्या काळी लोकांना कळलेले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, व्यवहाराच्या प्रकरणात, उत्तर न देणाऱ्या प्रतिवादीला तीन रात्री किंवा सात रात्री दिलेल्या आहेत. त्यानंतर तीन ते बारा पण दंड. आणि तीन पंधरवडे, म्हणजे दीड महिना, उलटूनही तो गप्पच राहिला, तर तो हरला असे धरून पुढची कारवाई करायची. याज्ञवल्क्याने तर आणखी बारकावा केला. मारहाण, चोरी, शिवीगाळ, गाईचा तंटा, स्त्रीसंबंधीचा आरोप अशा बाबतीत उत्तर जागच्या जागी घ्यावे. बाकीच्या ठिकाणी काळ द्यावा. ह्या याज्ञवल्क्यावर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीचा, चालुक्य विक्रमादित्याच्या राजधानीतला. म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या शिवेवरचाच म्हणायचा. भारतरत्न पां. वा. काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा आपला तिसरा खंड १९४६ साली काढला, त्यात हा सारा व्यवहारविचार येतो. काणे स्वतः मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत, हे विसरू नये. तारीख पडणे म्हणजे काय, हे त्यांना केवळ पोथीतून ठाऊक नव्हते.

स्मृतिकारांनी उत्तराचे चार प्रकारही सांगितले आहेत. पहिले मिथ्या, म्हणजे ‘हे खोटे आहे’. दुसरे संप्रतिपत्ति, ‘हे खरे आहे’. तिसरे प्रत्यवस्कंदन, म्हणजे ‘घेतले खरे, पण परत दिले’ ह्या जातीचे. चौथे प्राङ्न्याय, ‘ह्याचा निवाडा पूर्वीच झाला आहे’. आजचे कोणतेही शपथपत्र उघडावे. नावे बदलली असतील, पण पाचवा प्रकार मला तरी दिसला नाही. एवढे मात्र खरे की, ह्या मुदती प्रजेप्रजेतल्या तंट्यांच्या आहेत. सावकाराने कुळाला किती दिवसांत उत्तर द्यावे, हे त्यांवरून कळते. राजाने प्रजेला किती दिवसांत द्यावे, हे काही कळत नाही.

तो प्रश्न आपल्याकडे आला इंग्रजांबरोबर, आणि आला तोच भांडण घेऊन.

इंग्लंडात १६७९ साली ‘हेबियस कॉर्पस’चा प्रसिद्ध कायदा झाला. एखाद्याला कोणी कोंडून ठेवले असेल, तर त्याला कोर्टासमोर आणून कोंडण्याचे कारण सांगावे, असा हा हुकूम. त्या कायद्यात उत्तराची मुदत मैलांवर ठरविली होती. वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवस. शंभर मैलांच्या आत असेल तर दहा. त्याहून लांब असेल तर वीस दिवस. घोड्याच्या टापांनी मोजलेली मुदत! मला ही कल्पना फार आवडली. उत्तर द्यायला जो वेळ लागतो तो रस्त्याचा. उत्तर शोधायला वेगळा वेळ लागण्याचे कारण नाही, कारण माणसाला कोंडले तेव्हाच कारण ठाऊक असले पाहिजे, असा त्यातला रोखठोक हिशेब आहे.

हा हुकूम १८२८ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून पुण्याला निघाला. मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात पांडुरंग रामचंद्र ह्या आपल्या वडीलधाऱ्या आप्ताच्या ताब्यात होता. हे पांडुरंगराव पेशव्यांच्या नात्यातले बडे प्रस्थ. मुलाला अडकवून ठेवले आहे, असा अर्ज झाला आणि कोर्टाने पांडुरंगरावांना मुलासह हजर होऊन जबाब देण्यास फर्माविले. पेशवाई बुडून पुरती अकरा वर्षे झालेली नव्हती. पुण्याच्या सरदाराला मुंबईच्या कोर्टाने बोलवावे, हे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांना राज्याला धोक्याचे वाटले. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी न्यायाधीशांना सरळ पत्रच धाडले, की मुंबई बेटाबाहेरच्या अधिकाऱ्यांनी व रयतेने असल्या हुकमांना जबाब पाठवू नये, असे आम्ही बजावले आहे.

वाचकहो, मुदत मागणे निराळे आणि हे निराळे. इथे सरकारने उत्तरच देणार नाही म्हणून सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टात मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट वारले होते. माल्कमचे पत्र आल्यावर थोड्याच दिवसांत दुसरे न्यायाधीश चेंबर्सही वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. माणूस तापट होता असे म्हणतात, असेलही. आपल्या हुकमाला जबाब येत नसेल तर कोर्ट चालवून उपयोग काय, असे म्हणून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी चक्क कोर्टाला कुलूप घातले. मुंबईच्या इतिहासात असा दिवस दुसरा नसेल. पुढे विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने १८२९ सालीच निकाल दिला तो ग्रँटच्या विरुद्ध: बेटाबाहेरच्या देशी माणसावर ह्या कोर्टाचा असा हुकूम चालत नाही. ग्रँटला वेसण घालायला दोन्ही बाजूंना दोन माणसाळलेले हत्ती बांधावे तसे नवे न्यायाधीश पाठवीत आहोत, अशा अर्थाचे लॉर्ड एलेनबरोंचे खासगी पत्र फुटले आणि मोठीच शोभा झाली.

मोरो रघुनाथाचे काय झाले असेल, असे मला राहून राहून वाटते. इतिहासाच्या पुस्तकांत गव्हर्नर आहे, न्यायाधीश आहे, हत्तीसुद्धा आहेत. पोरगा पहिल्या पानानंतर दिसत नाही.

त्या निकालाची सावली पुढे सव्वाशे वर्षे पडली. असले हुकूम काढण्याचा अधिकार घटनेपूर्वी मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या तीन हायकोर्टांनाच होता, आणि त्यातले बहुतेक त्या त्या शहराच्या हद्दीपुरतेच चालत. जालना तर इंग्रजी मुलखातही नव्हता; निजामाचा. आमचे हायकोर्ट मुसा नदीच्या काठावर, हैदराबादला. त्याची ती लाल-गुलाबी दगडांची इमारत १९२० साली उघडली. कारभार उर्दूत. मनमाडहून येणाऱ्या मीटरगेज गाडीत जालन्याला बसायचे आणि कागदाची पुरचुंडी उशाला घेऊन काचीगुड्याला उतरायचे. ‘जालना, सोने का पालना’ म्हणतात, ते व्यापाऱ्यांचे. अंबड-भोकरदनच्या कुणब्याला हायकोर्ट म्हणजे काशीयात्रा. आणि इतके करून सरकारलाच ‘असे का केलेस?’ म्हणून विचारण्याचा मार्ग आजच्या अर्थाने नव्हताच.

तो उघडला २६ जानेवारी १९५० रोजी. घटनेच्या २२६व्या कलमाने प्रत्येक हायकोर्टाला हा अधिकार दिला, आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर भारतात आलेल्या हैदराबाद राज्याच्या हायकोर्टालाही तो मिळाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषा आपली झाली, राज्य आपले झाले. हायकोर्ट मात्र हैदराबादहून उठून मुंबईला गेले, एवढाच अंतराचा फरक. नागपूरकरांना त्यांचे खंडपीठ लगेच मिळाले. आम्ही पंचवीस वर्षे थांबलो.

१९८१ हे साल आमच्या जिल्ह्याला म्हणून महत्त्वाचे. त्या वर्षी १ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून काही तालुके आणि परभणीतून परतूर घेऊन जालना हा नवा जिल्हा झाला, आणि २७ ऑगस्टला औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. कायम खंडपीठाला राष्ट्रपतींचा हुकूम लागे. मागणी करूनही दिल्लीचा जबाब येईना. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे ह्यांनी १९५६च्या राज्यपुनर्रचना कायद्यातले ५१वे कलम उघडले. त्याच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणीही न्यायाधीश बसवू शकतात. त्यांनी बसविले. आणि गंमत पाहा, की त्या हुकमालाच रिट अर्जाने आव्हान दिले गेले. आमचे दार उघडून चार महिने झाले नाहीत, तो डिसेंबरात मुंबईच्या हायकोर्टाने तो हुकूम रद्द ठरविला. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ ह्या नावाने तो खटला कायद्याच्या ग्रंथांत आहे. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. १९८४च्या २७ ऑगस्टला खंडपीठ कायम झाले. त्याच पोटकलमाच्या आधारे १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा आमच्याकडच्या जुन्या वकिलांना आपले दिवस आठवले असतील.

आता जालन्याहून खंडपीठ साठेक किलोमीटर. सकाळची गाडी धरली तर माणूस अकराच्या आत कोर्टात असतो. १६७९च्या इंग्रजी हिशेबाने ही दहा दिवसांच्या मुदतीची जागा. घोड्यावरून! मग चार आठवडे कशाचे?

इथे मला सर्वांत मोठे नवल आढळले. साध्या दिवाणी दाव्यात प्रतिवादीला जबाब तीस दिवसांत द्यावा लागतो. कोर्टाने कारण नोंदवून सवलत दिली तर नव्वद दिवसांपर्यंत. २००२ साली जुलैपासून हा नियम लागू झाला. तोही अगदी लोखंडी नाही, क्वचित प्रसंगी सैल करता येतो, असे सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितले. पण आकडा तरी आहे. २२६व्या कलमाखालच्या अर्जाला ती संहिता लागूच होत नाही, असे १९७६च्या दुरुस्तीने स्पष्ट करून ठेवले आहे. मग तिथे दिवस कोण मोजणार? कोर्ट देईल ती तारीख. इंग्लंडात आज अशा अर्जाची नोटीस पोचल्यावर एकवीस दिवसांत सरकारने हजेरीचा कागद आणि थोडक्यात म्हणणे द्यायचे, आणि अर्ज पुढे चालवायला परवानगी मिळाली की पस्तीस दिवसांत सविस्तर उत्तर, असे नियम छापलेले आहेत. ज्यांच्याकडून आपण हे हुकूम घेतले त्यांनी मैल सोडून दिले, दिवस ठेवले.

आमच्या २२६व्या कलमात दिवसांची भाषा एकाच जागी आहे, तीही मुळातली नव्हे. आणीबाणीत ४२वी घटनादुरुस्ती झाली, तिने नागरिकांना मिळणाऱ्या तात्पुरत्या मनाईहुकमांवर कडक बंधने घातली. पुढे जनता राजवटीतल्या ४४व्या दुरुस्तीने ती काढून तिसरे पोटकलम घातले, ते १९७९ साली अमलात आले. त्यात असे आहे, की दुसऱ्या पक्षाला न ऐकता मनाईहुकूम दिला असेल आणि त्या पक्षाने तो उठविण्याचा अर्ज केला, तर हायकोर्टाने दोन आठवड्यांत त्याचा निकाल लावावा. न लावल्यास मनाईहुकूम आपोआप उठेल. नियम वाजवी आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दुसरा पक्ष बहुतेक वेळा असतो कोण? सरकार, नाहीतर सरकारी मंडळ. म्हणजे घटनेने ह्या कलमात घड्याळ टांगले ते एकदाच, आणि टांगले तेही अशा भिंतीवर, की अर्जदाराकडे त्याची पाठ.

शेतकऱ्याची मुदत मात्र पक्की असे. १८९४चा भूसंपादनाचा कायदा २०१३ साली नवा कायदा होईपर्यंत इथे होता. निवाडा होताना शेतकरी हजर असेल, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज त्याने सहा आठवड्यांत करायचा. सातव्या आठवड्यात आला की दार बंद; कलेक्टरला ती मुदत वाढविता येत नसे. धरणात आणि कालव्यात जमिनी गेलेल्या घरांतून ‘सहा हप्ते’ हे शब्द मी लहानपणी ऐकले आहेत. त्या वेळी त्यांचा अर्थ कळला नव्हता.

उत्तर आलेच नाही तर? ह्याला कायद्यात एक शिक्षा आहे, आणि ती जुन्या कौटिल्याचीच वाटते: जे नाकारले नाही ते कबूल केले असे धरायचे. नसीम बानो नावाच्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९३ साली हेच केले. चाळीस टक्के जागा बढतीने भरायला हव्या होत्या, त्या भरल्या नाहीत, असे बाईंचे म्हणणे. उत्तरात ते कुठेही नाकारलेले नव्हते. तेव्हा ते मान्य समजायला हवे होते, असे कोर्टाने म्हटले. एका शिक्षिकेने हा नियम सर्वांसाठी पक्का करून घेतला, ह्याचा मला, मास्तर म्हणून, थोडा गर्व वाटतो. पण ही शिक्षा कोर्टे सहज देत नाहीत. सार्वजनिक पैशाचा प्रश्न असतो, एका कारकुनाच्या आळसाचा भुर्दंड सर्वांना कशाला, हा विचारही खोटा नाही. म्हणून ‘शेवटची संधी’ मिळते. काही वेळा तिच्यामागून आणखी एक शेवटची संधी मिळते.

उशिराचा आणखी एक धोका आहे, तो अधिक खोल. वेळ मिळाला की कारणे सुचतात. हुकूम काढताना नसलेली कारणे शपथपत्र लिहिताना येतात. ह्याला आवर घालणारा खटला आपल्या मुंबईचाच. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी १९४७ साली पोलीस कमिशनरांनी दिली. लोकांचा विरोध झाला, आणि दोनेक महिन्यांत कमिशनरांचे पत्र आले: सरकारच्या आज्ञेवरून परवानगी रद्द. कायद्याने हा अधिकार होता कमिशनरांचा. सरकारने सांगितले म्हणून रद्द करण्याचा नव्हे. वाद कोर्टात गेल्यावर कमिशनरांच्या शपथपत्राचा आधार घेऊन म्हटले गेले, की निर्णय खरे तर त्यांचा स्वतःचाच होता. नोव्हेंबर १९५१मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, नागपूर हायकोर्टाचे पूर्वीचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांनी सांगितले, की जाहीर हुकमाचा अर्थ हुकमातल्या शब्दांवरून लावायचा. मागाहून अधिकारी काय म्हणतो, त्याच्या मनात काय होते, ह्यावरून नव्हे. पुढे १९७७ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी ह्याच निकालाचा आधार घेऊन म्हटले, की हुकूम म्हणजे काही जुनी मदिरा नव्हे, की मुरत ठेवली म्हणजे चांगली होईल.

हा निकाल वाचला तेव्हा मला ते जुने मैल आठवले. माणसाला कोंडले तेव्हाच कारण ठाऊक पाहिजे, हे १६७९ सालचे म्हणणे. आणि हुकूम काढला तेव्हाच कारण त्यात पाहिजे, हे १९५१चे. दोन्ही खरी असतील, तर शपथपत्र म्हणजे फाईल उघडून तिच्यात आहे ते उतरवून काढणे. त्याला किती आठवडे लागतात, हे शाळेच्या दप्तरात बसलेल्या कोणालाही सांगता येईल.

हे सगळे मी गुरुजींना क्रमाक्रमाने सांगत गेलो. मोरो रघुनाथाच्या गोष्टीला ते हळहळले, हत्तींना हसले. मधल्या काळात त्यांच्या पेशा होत राहिल्या. कधी त्यांच्या खटल्याचा नंबरच लागला नाही, कधी कार्यालयाचा माणूस बदललेला, कधी कागद वरच्या कचेरीच्या मंजुरीला गेलेले. त्यांची एक मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नातीचे लग्न झाले.

शेवटी उत्तर आले. वकीलसाहेबांच्या कचेरीत आम्ही ते पाहिले. इंग्रजीत अकरा पाने. पहिल्या पानावर सारे काही नाकारले होते. अर्ज चालण्याजोगा नाही, उशिरा केला आहे, इतर मार्ग होते, असे पुढे बरेच. वकीलसाहेब परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत सांगत होते आणि गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. सातव्या पानावर एक ओळ होती: अर्जदाराच्या नेमणुकीची तारीख व सेवेची वर्षे हा नोंदीचा भाग आहे, आणि त्याबद्दल वाद नाही.

“थांबा,” गुरुजी म्हणाले. “तेवढं पुन्हा वाचा.”

वकीलसाहेबांनी पुन्हा वाचले.

“मास्तर,” गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, “हे तुमच्या चारांपैकी कितवं?”

“दुसरं,” मी म्हणालो. “संप्रतिपत्ति.”

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, चष्मा लावला, आणि मला तो शब्द पुन्हा सांगायला लावून, ऱ्हस्वदीर्घ नीट पाहून, त्या दिवसाच्या तारखेखाली लिहून घेतला.